गाडींतून न दिसणारा प्रांत

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, पुतणे अगर जांवई हल्लीं कॅनडांत आहेत. वर्षा-दोन वर्षांनीं ते घरांतील वडील मंडळींस तिकडे बोलावून घेतात, चार ठिकाणें दाखवितात, आणि मंडळी परत आली म्हणजे दिवाणखान्यांत छायाचित्रें पाहण्याचा कार्यक्रम होतो. हीं ठिकाणें बहुधा ठरलेलीं असतात. पूर्वेस नायगाराचा धबधबा, पश्चिमेस बॅन्फचे हिमाच्छादित डोंगर. या दोहोंमध्यें केवढा तरी मुलूख पसरलेला आहे, परंतु त्याचें एकहि चित्र त्या संग्रहांत सांपडत नाहीं. विचारावें तर उत्तर मिळतें, "तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. नुसतीं शेतें आणि आकाश."

हें मत आपल्याच लोकांचें आहे असें नव्हे. खुद्द कॅनडांतील लोकहि त्या मुलखाची थट्टा करतात. तेथें कुत्रें पळून गेलें तर तें पुढें तीन दिवस पळतांना दिसत राहतें, ही त्यांची जुनी विनोदोक्ति आहे. या गवताळ मैदानांना 'प्रेअरी' म्हणतात आणि त्यांतील मधला प्रांत सस्कॅचवान. आमचा पुतण्या त्या प्रांतांतील सस्कातून शहरीं नोकरीस असल्यामुळें २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्हां उभयतांस तेथें दोन महिने राहण्याचा योग आला. या मुलखाची बाजू कोणीं तरी मांडावयास हवी, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

प्रथम सपाटपणाचें प्रकरण निकालांत काढूं. कॅनडाची पॅसिफिक रेल्वे १८८२ सालीं या मैदानांतून गेली. रूळ घालणारांस चढउतार नको असतो. त्यांनीं सांपडेल तितकी सपाट जमीन निवडली. पुढें मोटारींचा हमरस्ता झाला, तो पुष्कळ ठिकाणीं त्याच रुळांच्या कडेनें. शिवाय राजधानीचें शहर रिजायना ज्या मैदानावर वसलें आहे, तें हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या पाण्यानें बनलेल्या एका अफाट सरोवराचा तळ होय. तळ सपाट असावयाचाच! प्रवासी त्या आटलेल्या सरोवराच्या तळावरून ताशीं ११० किलोमीटरच्या वेगानें निघून जातो आणि सबंध प्रांत असाच आहे असा निकाल देतो. पुण्याहून सोलापुरास आगगाडीनें जाऊन महाराष्ट्रांत सह्याद्रि म्हणून कांहीं नाहीं असें सांगण्यासारखेंच हें आहे.

या प्रांताचें क्षेत्रफळ सुमारें साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. आणि २०२१ च्या शिरगणतींत माणसें भरलीं अवघीं ११ लाख ३२ हजार. १९०५ सालीं प्रांत बनला तेव्हां त्याच्या चारी हद्दी नकाशावर आंखून टाकल्या. एकाहि बाजूस नदी किंवा डोंगर ही सीमा नाहीं. सस्कॅचवान हें मूळ तेथील क्री लोकांनीं आपल्या नदीस दिलेलें नांव. त्याचा अर्थ वेगानें वाहणारी. आपण 'वेगवती' म्हटलें असतें. रिजायना हा लॅटिन शब्द, अर्थ राणी. व्हिक्टोरिया राणीच्या गौरवार्थ १८८२ सालीं तो शहरास दिला. ज्यांनीं लहानपणीं 'राजन्' चालविला आहे, त्यांस हा शब्द आपल्या 'राज्ञी'ची बहीण आहे हें सांगावयास नको.

परंतु या राणीचें माहेरचें नांव निराळें होतें. तें होतें 'हाडांचा ढीग'. बायसन नांवाचा एक प्रचंड रानबैल, आपल्याकडील गव्याचा दूरचा भाऊबंद, या मैदानांत अगणित संख्येनें चरत असे. क्री लोक त्याचें मांस खात, कातड्याचे तंबू व वस्त्रें करीत, हाडांचीं अवजारें करीत. शिकारीनंतर हाडें एके ठिकाणीं रचून ठेवावीं, म्हणजे जिवंत कळप त्या जागेस सोडून जात नाहींत, अशी त्यांची श्रद्धा सांगतात. पुढें बंदुका आल्या, कातड्याचा व्यापार आला आणि १८८० च्या सुमारास कळप जवळ जवळ नाहींसे झाले. राहिलीं तीं हाडें. तींहि वसाहतवाल्यांनीं गाड्या भरभरून खतासाठीं विकलीं. हा मुलूख रिकामा दिसतो खरा, परंतु तो रिकामा नव्हता. रिकामा केला गेला. एवढी एक गोष्ट मनांत धरून तेथें फिरावें, म्हणजे पाहण्यासारखें कांहीं नाहीं असें म्हणावयास जीभ रेटत नाहीं.

आजचें रिजायना नीटनेटकें शहर आहे. ओढ्यास बांध घालून केलेलें वास्काना तळें, त्याच्या कांठीं १९१२ सालीं पुरी झालेली घुमटाची विधानसभा, सभोंवार गर्द झाडी. मूळ मैदानावर झाड म्हणून नव्हतें. हीं सारीं माणसांनीं लावून, पाणी घालून वाढविलेलीं. बेकारीच्या दिवसांत, १९३१ सालीं, लोकांना काम मिळावें म्हणून तळें हातानें खणून खोल केलें. दुष्काळांत तळीं खणण्याची रीत आपणांस अपरिचित नाहीं. याच शहरीं मेती लोकांचा पुढारी लुई रिएल यास १८८५ च्या नोव्हेंबरांत फांशीं दिलें. फ्रेंच व मूळ रहिवासी यांच्या संततींतून झालेला हा समाज. आपल्या जमिनींचे हक्क राखण्यासाठीं त्यानें बातोश येथें सरकारी फौजेशीं लढा दिला. गंमत अशी कीं, रिजायनाहून सस्कातूनला जाणारा जो हमरस्ता, त्यास आज त्या फांशीं गेलेल्या रिएलचेंच नांव आहे.

रिजायनाच्या ईशान्येस तासाभरावर कापेल नदीचें खोरें आहे. हें खोरें दुरून दिसत नाहीं, हीच त्याची मौज. रस्ता सरळ चाललेला असतो आणि एकाएकीं जमीन संपते. खालीं रुंद दरी, तींत एकामागून एक तळीं, दोहों बाजूंस मऊ वळ्या पडलेल्या टेकड्या. नांवाचा फ्रेंच अर्थ 'कोण हांक मारतें?' एक तरुण रात्रीं होडींतून चालला असतां कोणी आपलें नांव घेतल्याचें त्यास ऐकूं आलें. तो ओरडला, "कोण?" उत्तर नाहीं. गांवीं पोंचतो तों त्याची वाग्दत्त वधू त्याच वेळीं त्याचें नांव घेऊन गेलेली, अशी दंतकथा आहे.

या खोऱ्यांत १८७४ सालीं सरकार व मूळ रहिवासी यांच्यांत करार झाला. तळ्याच्या कांठीं लब्रे म्हणून खेडें आहे. तेथें १८८४ पासून सरकार व कॅथॉलिक मिशन यांची एक निवासी शाळा होती. ती अखेर १९९८ सालीं बंद झाली. मुलांस आईबापांपासून दूर आणावें, त्यांचे केस कापावे, त्यांस त्यांची भाषा बोलूं देऊं नये, असा अशा शाळांचा शिरस्ता. याच खोऱ्याच्या पूर्व भागांत दुसऱ्या एका शाळेजवळ २०२१ सालीं ७५१ बेवारशी थडग्यांच्या खुणा आढळल्या. २००८ सालीं कॅनडाच्या मुख्य प्रधानांनीं पार्लमेंटांत या शाळांबद्दल क्षमा मागितली होती.

आमचें सारें आयुष्य शाळेंत गेलें. चुकीबद्दल शिक्षा झालेलीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं; मातृभाषेंत बोलल्याबद्दल शिक्षा झालेला मनुष्य तेथें प्रथम पाहिला. तळ्याकांठच्या बांकावर एक वृद्ध क्री गृहस्थ बसले होते. वयानें आमच्याहून पांचसात वर्षांनीं वडील. सहाव्या वर्षीं आपणांस शाळेंत नेलें, असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें. आवाज चढला नाहीं. आपली भाषा ते चाळिशीनंतर आपल्या मावशीपाशीं बसून पुनः शिकले आणि आतां नातवास अंक शिकवितात. मग त्यांनीं आम्हांस आमच्या भाषेचें नांव विचारलें. 'मराठी' हा शब्द दोनदां म्हणून पाहिला आणि सहज विचारलें, "तुमचीं येथील नातवंडें ती बोलतात ना?" पुतण्याचीं दोन्ही मुलें पाण्यांत दगड फेंकीत होतीं आणि इंग्रजींत भांडत होतीं. पुतण्या तळ्याकडे पाहूं लागला. आम्हीं म्हटलें, "समजतात." गृहस्थ मान हलवून म्हणाले, "आमचेंहि असेंच सुरू झालें होतें."

आतां सस्कातूनविषयीं. हें नांव एका रानफळाचें. जांभळट, करवंदाहून लहान, चवीस गोडसर. त्याचा घालून केलेला 'पाय' तेथें मोठ्या आवडीनें खातात. मात्र त्याच्या पारींत कधीं कधीं डुकराची चरबी असते, तेव्हां शाकाहारी मंडळींनीं विचारून घ्यावें. दारूबंदीवाल्या मंडळीनें १८८३ च्या सुमारास वसविलेलें हें गांव आज प्रांतांतील सर्वांत मोठें शहर आहे. दारूबंदी फार काळ टिकली नाहीं, हें सांगणें नकोच. शहराच्या मधून दक्षिण सस्कॅचवान नदी वाहते, तिच्या दोन्ही कांठांनीं पायवाटा आहेत आणि उन्हाळ्यांत सूर्य रात्रीं साडेनऊला मावळतो. आमचें रात्रीचें जेवण उजेडांत होई आणि त्यानंतर नदीवर फिरून यावयास सवड उरे. विद्यापीठ १९०७ सालचें. नाझी राजवटींतून निसटलेले गेर्हार्ड हर्झबर्ग यांस १९३५ सालीं याच आडवळणाच्या विद्यापीठानें आश्रय दिला; १९७१ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. कर्करोगावर कोबाल्टच्या किरणांची चिकित्सा येथें १९५१ सालींच सुरू झाली. सरकारनें सर्वांच्या औषधोपचाराचा खर्च सोसावा ही कॅनडाची सुप्रसिद्ध व्यवस्थाहि याच प्रांतांत १९६२ सालीं प्रथम अमलांत आली. तिच्या विरोधांत डॉक्टरांनीं २३ दिवस संप केला होता.

आपल्या गृहिणींस या विद्यापीठाची निराळीच ओळख पटेल. येथील शेतकरी पूर्वीं बहुतेक गहूंच पेरीत. १९७१ सालीं विद्यापीठांत पीकसुधारणेचें केंद्र निघालें आणि १९७८ सालीं तेथून मसुराचें 'लेअर्ड' नांवाचें वाण बाहेर पडलें. त्यानंतर मसूर असा फोफावला कीं, हा प्रांत जगांतील मसुराचें एक मोठें कोठार झाला आणि त्याचा पुष्कळ माल हिंदुस्थानांत येऊं लागला. आमच्या कुटुंबानें वाण्याकडील मसुराची डाळ आजवर इंदूरची समजून शिजविली होती. शहराबाहेर हिरवीं, गुडघ्याहूनहि ठेंगणीं शेतें पाहून ती म्हणाली, "म्हणजे आपल्या आमटीचें हें माहेर!"

सस्कातूनपासून थोड्याच अंतरावर वानुस्केविन नांवाची जागा आहे. ओढ्यानें कापलेली एक घळ. तींत ६००० वर्षांहून अधिक काळ माणसें येत राहत आलीं आहेत. बायसनचा कळप हुसकावीत आणून कड्यावरून खालीं पाडावयाचा, अशी शिकारीची रीत होती. तो कडा दाखवितात. १९९२ सालीं ही जागा लोकांस खुली झाली. २०१९ च्या डिसेंबरांत येथें पुनः बायसन आणून सोडले. पुढच्याच उन्हाळ्यांत एके ठिकाणीं जनावरें धुळींत लोळत असतां त्यांच्या खुरांनीं माती उकरली गेली आणि एक कोरीव दगड वर आला. पुराणवस्तुसंशोधक अर्नी वॉकर यांच्या नजरेस तो पडला. शोधतां असे चार दगड निघाले, आणि ज्यानें कोरलें तें दगडी हत्यारहि तेथेंच सांपडलें. वॉकर यांनीं तेथें कित्येक दशकें उत्खनन केलें होतें. त्यांस जें गवसलें नाहीं, तें घरीं परतलेल्या जनावरांनीं वर्षाच्या आंत दाखविलें. आम्ही गेलों तेव्हां कळप कुंपणापलीकडे शांत चरत होता. एक वासरूं आईच्या आडून पाहत होतें.

परंतु मूळची प्रेअरी पाहावयाची तर दक्षिणेस, अमेरिकेच्या सरहद्दीस लागून असलेल्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानांत गेलें पाहिजे. सस्कातूनहून मोटारीनें चार तासांहून अधिक लागतात. व्हॅल मेरी हें शेवटचें लहानसें गांव. या प्रांतांतील मूळ गवताळ जमिनीपैकीं पंचमांशहि आतां उरलेली नाहीं. बाकी सर्व नांगराखालीं गेली. १८७२ च्या कायद्यानें १० डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळत असे. तीन वर्षें राहावें, नांगर धरावा, कीं मालकी झाली. लाखों कुटुंबें आलीं. १९३० नंतरच्या अवर्षणांत तीच नांगरलेली माती धूळ होऊन आकाशांत उडाली. १९३७ च्या जुलैमध्यें येथें ४५ अंश सेंटिग्रेड उष्णता नोंदली गेली. कॅनडांतील हा उच्चांक २०२१ पर्यंत मोडला नव्हता. मूळ गवतानें ती माती धरून ठेवली असती. वर वीतभर दिसणाऱ्या त्या गवताचीं मुळें कित्येकदां पुरुषभर खोल गेलेलीं असतात. वाऱ्यावर डोलणारा तो शेंडा पाहून त्या गवताची परीक्षा करणें व्यर्थ.

उद्यानांत शिरल्यावर आमच्या कुटुंबानें गाडी थांबवावयास सांगितली. "दवणा!" ती म्हणाली. पुतण्या हंसला. "काकू, येथें कुठला दवणा?" ती उतरून रुपेरी पानांच्या एका झुडुपापाशीं बसली, पान चुरगळून तिनें पुतण्याच्या नाकाशीं धरलें, आणि त्यास चैत्रांतलें आमच्या वाड्यांतलें देवघर आठवलें. त्या झुडुपास तेथें 'सेज' म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्यास व आपल्या दवण्यास एकाच कुळांत, आर्टिमिझिया या जातींत, घातलें आहे. काकूंनीं तें नाकानें ओळखलें!

तेथें काय पाहिलें तें सांगूं गेल्यास थोडें वाटेल. टेकडीच्या माथ्यावर दगडांचीं गोल कडीं, पूर्वींच्या तंबूंच्या कडा दाबून ठेवण्यासाठीं मांडलेलीं. तंबू गेले, माणसें गेलीं, दगड जागच्या जागीं आहेत. अशीं हजारों. बिळाच्या तोंडाशीं दोन पायांवर उभे राहून ओरडणारे 'प्रेअरी डॉग'. कुत्रे नव्हेत, खारीच्या कुळांतले. कॅनडांत त्यांच्या रानटी वसाहती या एकाच भागांत आहेत. दूर काळे ठिपके, ते बायसन. २००५ च्या डिसेंबरांत येथें ७१ जनावरें आणलीं, त्यांचे आतां शेंकडों झाले आहेत. आपल्या माळरानांवरील माळढोकाप्रमाणें येथील 'सेज ग्राउस' हा पक्षीहि छाती फुगवून नाचतो, आणि माळढोकाप्रमाणेंच नाहींसा होत चालला आहे. आम्हांस तो दिसला नाहीं.

रात्र मात्र विसरतां येणार नाहीं. उद्यानांत कृत्रिम दिवे नसावेत अशी २००९ पासून व्यवस्था आहे. ध्रुव जितक्या उंचीवर दिसतो तितका त्या स्थळाचा अक्षांश, हें आम्हीं मुलांस फळ्यावर आकृति काढून कितीदां शिकविलें असेल! पुण्यास तो साडेअठरा अंशांवर, क्षितिजाजवळ, दिव्यांच्या झगझगाटांत हरवलेला. तेथें तो ४९ अंशांवर, अर्ध्या आकाशाच्याहि वर. वसिष्ठाशेजारीं अरुंधती उघड्या डोळ्यांनीं स्वच्छ. नातवंडांस ती दाखविली, तेव्हां त्यांनीं प्रश्न मराठींत विचारले कीं इंग्रजींत, हें सांगत नाहीं, पुष्कळ विचारले.

उत्तरेकडील अरण्याविषयीं सविस्तर लिहावयास जागा उरली नाहीं. प्रांताचा निम्मा भाग जंगल आहे आणि तळीं लाखाच्या घरांत. १९२७ सालीं स्थापन झालेलें प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यान सस्कातूनहून अडीच-तीन तासांवर. वास्केसू तळ्याकांठीं मुक्कामाची सोय चांगली. ग्रे आऊल या नांवानें प्रसिद्ध असलेला बीव्हरांचा रक्षणकर्ता याच उद्यानांत १९३१ पासून राहिला. १९३८ सालीं तो वारल्यावर उघडकीस आलें कीं, मूळ रहिवासी म्हणविणारा हा गृहस्थ वस्तुतः इंग्लंडांतल्या हेस्टिंग्स गांवचा! त्याची झोंपडी वीस किलोमीटर पायीं आंत आहे. आमच्या गुडघ्यांनीं नकार दिला.

जाऊं इच्छिणारांसाठीं थोडें व्यवहाराचें. जून ते सप्टेंबर हा काळ बरा. हिंवाळ्यांत उणें चाळीसहि होतें, तेव्हां हौस नको. जूनमध्यें डांस फार. गाडी हवीच. रिजायनास १९९० पासून प्रवासी आगगाडी नाहीं आणि १९४६ पासून चालणारी प्रांताची सरकारी बस २०१७ सालीं बंद झाली. औषधोपचार तेथें फुकट असले तरी ते तेथील रहिवाशांस. पाहुण्यांनीं विमा घेऊनच निघावें. शाकाहारी जेवणाचे हाल शहरांत नाहींत. युक्रेनकडून आलेल्या लोकांची 'पिरोगी', म्हणजे बटाट्याचें सारण घालून उकडलेली करंजी, आम्हांस पसंत पडली. ग्रासलँड्समध्यें मात्र दुकान नाहीं, सावली नाहीं. दशम्या, लोणचें आणि माणशीं निदान तीन लिटर पाणी बरोबर असावें. दगडांच्या कड्यांतील एकहि दगड हलवूं नये, मुलांस आधींच सांगून ठेवावें.